माफीचा साक्षीदार पडद्यावर

२०१८ साली दिवाळी पाडव्याला, ८ नोव्हेंबरला, ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र येणार, म्हणून त्याची चर्चा होती. मला उत्सुकता होती ती वेगळ्या कारणाने. हा चित्रपट फिलिप मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९च्या कादंबरीवर बेतला आहे, अशा बातम्या आधीपासून येत होत्या. आणि टेलर हा धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातला माणूस. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. १८५७ साली त्याची बुलढाण्याला बदली होईपर्यंत तो इथे होता. पुढे १८६०मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. नळदुर्गचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला पावसाळ्यात हजारो लोक येतात. परंतु ‘ठग’ हा शब्द इंग्रजी वाचकांच्या घराघरांत नेणाऱ्या लेखकाने या किल्ल्याच्या परिसरात बसून कारभार केला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

सोलापूरच्या एका चित्रपटगृहात मी तो चित्रपट पाहिला. पडद्यावर टेलरचे कथानक नव्हतेच. १७९५चा काळ, रौनकपूर नावाचे काल्पनिक राज्य, कंपनीचा क्रूर अधिकारी क्लाइव्ह, त्याने मारलेला राजा आणि सूड घेण्यासाठी वाढलेली राजकन्या जफिरा. तिला सांभाळणारा खुदाबक्ष आझाद हा बंडखोरांचा सरदार. मोठमोठी जहाजे, दोरखंडांवरून झेपा, तोफा, तलवारी. जहाजांवरच्या दृश्यांचे चित्रीकरण माल्टात झाले होते. समुद्री चाच्यांच्या हॉलिवूडपटांचा हा देशी अवतार आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळते. ठगांचा व्यवहार होता रस्त्यावरचा. गंगेवर नावांतून प्रवाशांना फसवणाऱ्या टोळ्यांचीही नोंद विल्यम स्लीमनच्या कागदपत्रांत आहे, पण भर समुद्रात तलवार परजणारा ठग कुठेच भेटत नाही. त्याचे हत्यार तलवार नव्हतेच. त्याचे हत्यार होते रुमाल, आणि रुमालाच्याही आधी जीभ.

माझ्या मते सारा मुद्दा याच शब्दाशी आहे. तलवारबाजीच्या साहसपटाने ठगाच्या हाती तलवार दिली आणि त्याची जीभ काढून घेतली. ‘कादंबरीशी इमान राखले नाही’ अशी तक्रार मी करत नाही. चित्रपटाने कादंबरीपासून दूर जावे, त्यात गैर काही नाही. प्रश्न असा आहे, की जे गाळले गेले ते नेमके काय होते, आणि ते गाळल्यामुळे आपली, म्हणजे पाहणाऱ्यांची, कोणती सोय झाली.

टेलरची कादंबरी एका बैठकीवर उभी आहे. समोर एक साहेब बसला आहे आणि कैदेतला अमीर अली त्याला आपली कहाणी सांगतो आहे. फाशी टाळण्यासाठी त्याने साथीदारांविरुद्ध जबानी देण्याचे कबूल केले आहे. कोर्टाच्या भाषेत तो माफीचा साक्षीदार. टेलर प्रस्तावनेत सांगतो, की सागरहून निजामाच्या मुलखात असे जे साक्षीदार पाठवले गेले त्यांच्यापैकी हा एक, आणि त्याच्या हिशेबात ७१९ खून आहेत. मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, ही अमीर अलीची खंत! हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तरीही आपण पान उलटतो, कारण हा माणूस बोलतो फार गोड. वाटेत भेटलेल्या सावकाराला, सरदाराला, मुन्शीला तो ज्या अदबीने आपल्या सोबतीला घेतो, त्याच अदबीने तो वाचकालाही सोबतीला घेतो. एके ठिकाणी तो साहेबालाच सुनावतो, की तुम्ही लोक वाघ-डुकरांच्या शिकारीत दिवसचे दिवस घालवता, आमची शिकार तर माणसाची, म्हणजे तुमच्याहून वरच्या दर्जाची. साहेब अधूनमधून त्याला थांबवतो, त्याची निर्भर्त्सना करतो आणि पुन्हा ऐकू लागतो. कादंबरीतले खरे साहस या ऐकण्यात आहे.

या गोड बोलण्याच्या तळाशी शोकांतिका आहे. अमीर अलीच्या आईबापांना ठगांनीच मारले होते, आणि त्याला मुलगा मानून वाढवणारा इस्माईल त्या खुनात होता. पुढे स्वतः अमीर अलीच्या हातून, ओळख नसताना, सख्ख्या बहिणीचा जीव जातो. म्हणजे ठग हा जन्माने ठग नाही. तो घडवला गेला आहे, तोही प्रेमाने. टेलरने हे कथानकात ठेवले, पण त्याचा अर्थ त्याच्या काळातल्या कायद्याने घेतला नाही. त्याकडे पुढे येतो.

टेलरच्या या ऐकण्यामागे त्याची स्वतःची एक सल आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस निजामाच्या नैऋत्य भागात तो पोलिसी काम पाहत होता. रस्त्याकडेला प्रेते सापडत होती, माग लागत होता; तेवढ्यात त्याला पलटणीत परत बोलावले गेले. ते झाले नसते तर ठगीचा छडा आपणच आधी लावला असता, असे तो ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ या आत्मचरित्रात म्हणतो. श्रेय मिळाले स्लीमनला. स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश, वंशावळी आणि जबान्या १८३६ साली ‘रामसीआना’ या ग्रंथात छापल्या. टेलरच्या वाट्याला तपास आला नाही, म्हणून त्याने कादंबरी लिहिली.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो. जॉन मास्टर्सची ‘द डिसीव्हर्स’ ही १९५२ची साहसकादंबरी ठगांवरचीच. तिच्यावर १९८८ साली निकोलस मेयर या दिग्दर्शकाने त्याच नावाचा चित्रपट केला. निर्माते इस्माईल मर्चंट, नायक पिअर्स ब्रॉस्नन, सोबत सईद जाफरी, शशी कपूर, नीना गुप्ता. विल्यम सॅव्हेज हा इंग्रज अधिकारी गोपाळ नावाच्या विणकराचा वेश घेऊन ठगांच्या टोळीत शिरतो. त्याला आत नेणारा हुसेन हा पकडलेला ठग, म्हणजे इथेही माफीचा साक्षीदार आहेच. टोळीत सॅव्हेज विधीचा गूळ खातो. ज्याने तो गूळ चाखला तो देवीचा झाला, अशी ठगांची समजूत स्लीमनच्या जबान्यांत येते. हळूहळू सॅव्हेजला त्या धंद्याची चटक लागते. चित्रपट पाहण्याजोगा आहे. ब्रॉस्ननच्या डोळ्यांत उतरत जाणारी धुंदी खरी वाटते, आणि सईद जाफरींचा हुसेन तर शब्दाशब्दाला दोन अर्थ ठेवून बोलतो.

पण त्यातला बदल लक्षात घ्या. टेलरकडे साहेब खुर्चीत होता आणि ठग बोलत होता. मास्टर्सच्या कथेत साहेब खुर्चीतून उठला आणि ठगाच्या अंगरख्यात शिरला. आता ठगाने बोलण्याचे कारणच उरले नाही. त्याच्या मनातले सारे नाट्य गोऱ्या नायकाच्या मनात हलवले गेले. हुसेन वाटाड्या उरला. आपल्याला काळजी वाटते ती एवढीच, की सॅव्हेज परत साहेब होईल ना?

‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ने दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केले. या चित्रपटात मला सर्वांत लक्षणीय वाटले ते पात्र आमिर खानच्या फिरंगी मल्लाहचे. नाव उगाच आलेले नाही. स्लीमनच्या साक्षीदारांत फिरंगिया नावाचा एक प्रसिद्ध जमादार होता; अमीर अलीचा नमुना तोच असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पडद्यावरचा फिरंगीही कंपनीला खबर विकतो, बंडखोरांत शिरतो, दोन्ही बाजूंना फसवतो. म्हणजे टेलरचा माफीचा साक्षीदार अनोळखी वेशात का होईना, इथे पोहोचला होता! या पात्रात एक मोठा चित्रपट दडलेला होता. ज्याने जीव वाचवण्यासाठी सोबत्यांना विकले, त्याच्या शब्दावर कोणी आणि का विश्वास ठेवावा? पण फिरंगीची फसवणूक गाढवावरच्या प्रवेशापासूनच विनोद म्हणून येते आणि अखेरीस देशप्रेमात धुऊन निघते. ठग म्हणजे क्रांतिकारक, असे एकदा ठरले की त्याच्या कबुलीजबाबाची गरज संपते. एका चित्रपटाने ठगाला इंग्रजाच्या आत बुजवले, दुसऱ्याने हुतात्म्याच्या चौथऱ्यावर चढवले. दोन्हीकडे तो गप्पच आहे.

‘करमणुकीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला?’ असे कोणी म्हणेल. मला ती करावीशी वाटते, कारण ठगाच्या बोलण्याला या देशात फार मोठी किंमत मोजली गेली आहे. स्लीमनच्या खात्याचा सारा डोलारा माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा होता. १८३६च्या तिसाव्या कायद्याने, कोणी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले, मग तो कायद्याच्या आधी असो वा नंतर, तरी त्याला जन्मठेप देता येत असे. विशिष्ट खून त्यानेच केला हे दाखवण्याची गरज उरली नाही. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या जबान्यांची चिकित्सा केली आहे. त्यांतून दिसते ते असे, की वाटमारी आणि खून खरे होते. पण देशभर पसरलेला, वंशपरंपरेने चालणारा, एकाच देवीला वाहिलेला एकसंध पंथ हे चित्र बऱ्याच अंशी विचारणाऱ्याच्या प्रश्नांनी घडवले. स्लीमनने वंशावळी काढल्या. वंशावळ काढली की गुन्हा रक्तात आहे असे म्हणणे सोपे जाते. टेलरच्या कादंबरीतला दत्तक मुलगा या वंशावळीत कुठे बसवायचा?

त्याच वाटेने पुढे १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि टप्प्याटप्प्याने ब्रिटिश मुलखात पसरला. आमच्या शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींना ठेवले गेले; ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथल्या बोलीत अजून जिवंत आहे. कायदा रद्द झाला १९५२ साली. योगायोग असा, की मास्टर्सची ‘द डिसीव्हर्स’ही त्याच वर्षीची. माणसे विमुक्त झाली, पण धाराशिव-सोलापूरच्या पट्ट्यात चोरी झाली की पहिली धाड पारधी वस्तीवर, ही रीत कायद्याबरोबर संपली नाही.

देवीचेही तसेच. ठगांची भवानी टेलरच्या पहिल्या कादंबरीत खुनाचा कौल देणारी देवता आहे. तुळजापूरच्या आसपास राहणाऱ्याला ती पाने वाचताना अडखळायला होते, कारण तोच शब्द इथे घरोघरी आईसाठी वापरला जातो. टेलरलाही पुढे हे जाणवले असावे. इथला कारभार करून गेल्यावर १८६३ साली त्याने ‘तारा’ प्रसिद्ध केली. ती घडते अफझलखानाच्या स्वारीच्या काळात, आणि तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी आहे. तिथली भवानी म्हणजे मंदिराच्या पायऱ्या, पुजाऱ्यांची घरे, भक्ती आणि भीती मिळून झालेले एक गाव आहे. टेलरची नजर परक्याचीच राहिली. पण कैद्याच्या जबानीतून ऐकलेली देवी आणि चार वर्षे शेजारी राहून पाहिलेली देवी यांतला फरक त्याच्या लेखणीत उतरला. चित्रपटांना मात्र पहिलीच भवानी सोयीची वाटली. ‘द डिसीव्हर्स’मधली काली पाहावी.

या सगळ्याला खरे उत्तर, माझ्या दृष्टीने, पडद्यावर नाही, मराठीत आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. १९८२पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे ज्या मुलखाचा कारभार टेलरने पाहिला, त्याच मुलखातून सव्वाशे वर्षांनी दुसरा एक ‘मी’ बोलू लागला. पोरांना चोरीचे शिक्षण कसे दिले जाते, मार कसा सोसायचा, भूक कशी असते, पोलीस दारात आले की काय होते, हे सारे त्याने सांगितले. अमीर अली साहेबाला रिझवण्यासाठी आणि जीव वाचवण्यासाठी बोलतो. इथे कोणी साहेब समोर बसलेला नाही, कोणी माफी देणारा नाही, आणि मागणाराही नाही.

ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत, असे मी भेटेल त्याला सुचवतो. अमीर अली वाचताना आपण नकळत साहेबाच्या खुर्चीत बसतो आणि ती खुर्ची किती सुखाची आहे हे कळते. ‘उचल्या’ वाचताना ती खुर्ची टोचू लागते. ‘कन्फेशन्स’वर कधी खराखुरा चित्रपट व्हायचा असेल, तर त्याला जहाजे लागणार नाहीत आणि माल्टाही लागणार नाही. एक खोली, त्यात बोलणारा एक आणि ऐकणारा एक, एवढे पुरे. फक्त कॅमेरा अधूनमधून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर न्यायची तयारी दिग्दर्शकाने ठेवली पाहिजे.