जिद्द, सेवा आणि मदतनीस : अपंगत्वविषयक मराठी लेखनातील एक गाळलेली जागा

अपंगत्वाविषयीचे मराठी लेखन वाचताना ‘जिद्द’ आणि ‘सेवा’ हे दोन शब्द पुन्हापुन्हा समोर येतात. पहिला अपंग व्यक्तीसाठी राखून ठेवलेला असतो, दुसरा तिच्याभोवतीच्या माणसांसाठी. दोन्ही गौरवाचे आहेत, आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा सहसा होत नाही. या दोन शब्दांनी मिळून एक गोष्ट दृष्टीआड केली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ती गोष्ट म्हणजे उचलणे, बसवणे, धुणे, भरवणे, कूस बदलणे हे रोजचे काम आणि ते करणारा माणूस.

या प्रश्नाची धार जाणून घेण्यासाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा नजरेसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे टेल्को, बजाज आणि मग चाकणचे मोटारींचे कारखाने आले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जाणे ही येथे अपरिचित घटना नाही. अशा बोटांची मोजदाद करणारी एक संहिता आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने संपूर्ण तर्जनीला १४ टक्के, अंगठ्याला ३० टक्के आणि एका हाताच्या चार बोटांना ५० टक्के असा हिशेब लावला. हे टक्के कमावण्याची क्षमता किती घटली याचे आहेत. घरी गेल्यावर त्या कामगाराच्या सदऱ्याचे बटण कोण लावणार, हा प्रश्न त्या कोष्टकात बसत नाही. साहित्याने तो विचारावा अशी अपेक्षा असते. पण साहित्याचेही स्वतःचे कोष्टक असते.

मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनकथेचे उदाहरण घ्यावे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि पुढे पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली, २०२४ साली हिंदी चित्रपट निघाला. ही कथा खरी आहे आणि थोर आहे. प्रश्न तिच्या कथनपद्धतीचा आहे. अशा कथनात गोळी आणि पदक यांच्यामधली वर्षे एका वाक्यात सरतात. ज्या हातांनी त्या देहाला पाण्यापर्यंत नेले, ते कथेत शिरले तर कथेचा एकमेव कर्ता शिल्लक राहणार नाही. ‘जिद्द’ या आशयसूत्राला ते परवडत नाही.

‘सेवा’ची गत वेगळी नाही. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ हे नाटक मतिमंद मुलगा आणि त्याचे मध्यमवर्गीय आईवडील यांचे आहे. मराठी रंगभूमीने संगोपनाचा थकवा इतक्या निखळपणे क्वचितच दाखवला असेल. तरीही शीर्षकच सांगते त्याप्रमाणे तो थकवा नात्यांचा कस म्हणून येतो. काम म्हणून त्याला स्वतंत्र अस्तित्व मिळत नाही. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे ‘चाकाची खुर्ची’ हे शीर्षक मात्र मला या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. एका साधनाला शीर्षस्थान मिळाले, आणि आपले स्वातंत्र्य कशाकशावर उभे आहे याची उघड कबुली त्यात आली. १९८४ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेमागेही हीच जाणीव दिसते : मनोबल पुरेसे नाही, उतार लागतो, वसतिगृह लागते, माणसे लागतात.

मग पगारी मदतनीस कोठे आहे? शहरात ब्युरोमार्फत येणाऱ्या बाईला आपण ‘मावशी’ म्हणतो. या संबोधनात जिव्हाळा असतो यात शंका नाही. पण त्याच संबोधनाने मजुरीचे रूपांतर नात्यात होते, आणि नात्यात सुट्टी, पाठदुखी, पगारवाढ यांविषयी बोलणे अवघड होते. गंमत अशी की या बाबतीत कायदा साहित्याच्या पुढे गेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या करताना आईवडील आणि परके, मोबदला घेणारे आणि न घेणारे, सर्वांना एकाच वाक्यात आणले. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. आईची माया आणि मावशीची मजुरी यांत क्रिया तीच आहे, हे या रूक्ष वाक्यात मान्य झाले.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. मदतनिसाला कथेच्या मध्यभागी आणले तर अपंग व्यक्ती पुन्हा ‘ओझे’ ठरेल, आणि सेवेकऱ्याच्या रूपाने नवा नायक जन्मेल. हा धोका खराच आहे. मात्र त्याचे उत्तर मदतनिसाला गाळण्यात नाही. उचलणाऱ्याची पाठ गेली तर उचलला जाणारा पडतो. दोघांचे हित एकाच कृतीत गुंतलेले असते. ती कृती दोन्ही बाजूंनी लिहिली जाणे हीच खरी वाङ्मयीन कसोटी आहे. मदत कशी हवी, कोणाकडून हवी, केव्हा नको, हे सांगणारा अपंग निवेदक आणि ते ऐकताना चुकणारा, शिकणारा, कंटाळणारा मदतनीस, असे दुहेरी कथन मराठीत अजून रुजलेले नाही.

अशा कथनाला लागणारी दृष्टी आपल्याला परकी आहे असे नाही. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे या कारखान्यांच्या शेजारीच आहेत. वारकरी परंपरेने जनाबाईच्या जात्याला विठ्ठलाचा हात लावला. मदत हे श्रमाचे काम आहे हे तिला ठाऊक होते. त्याच परंपरेतला कूर्मदास हातपाय नसताना पंढरीला निघाला आणि वाटेत लऊळला थांबला. पुढे जाणे शक्य नव्हते. आजच्या रीतीने ही कथा लिहिली असती तर त्याला जिद्दीने महाद्वारी पोचवले असते. परंपरेने विठ्ठलालाच लऊळला आणले. अंतर कोणी कापायचे, हा अपंगत्वविषयक लेखनातला मूळ प्रश्न त्या कथेने केव्हाच विचारून ठेवला आहे. आपल्या समीक्षेने तो अजून हाती घेतलेला नाही.