कोरीव पेटी आणि चांदीचा खिळा

जहाजाच्या जलावतरणासाठी खास घडविलेली कोरीव लाकडी पेटी ही ब्रिटिश नौदलाच्या गोद्यांतील एक देखणी प्रथा. पेटीत लाकडी मोगरी व पटाशी असे. मानकरी बाईंनी त्या हत्यारांनी अखेरचा दोर तोडला की जहाज पाण्यात सरके. मग ती पेटी त्यांनाच आठवण म्हणून अर्पण होई. १८७५ साली ‘अलेक्झांड्रा’ या युद्धनौकेच्या जलावतरणापासून सोहळ्याला उपासनेची जोड मिळाली आणि दर्यावर्दींचे १०७ वे स्तोत्र तेथे म्हटले जाऊ लागले.

कलाकुसर म्हणून या पेट्या उत्तमच. नांगर, दोरखंड कोरणाऱ्या हाताला लाकडाची जात ठाऊक होती. तरीही एक गोष्ट खटकते. ज्या हत्यारांवर सुताराचे आयुष्य झिजते, ती येथे एका घावापुरती उरतात. मान मात्र पाहुण्यांचा. आपल्याकडील कोनशिलाही त्याच वळणाची. तिच्यावर गवंड्याचे नाव शोधून सापडत नाही.

याउलट मुंबई गोदीतील रीत पाहावी. १८१६ मध्ये ‘त्रिंकोमाली’ या सागवानी जहाजाच्या तळकण्यात जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी पारशी परंपरेप्रमाणे अक्षरे कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. घाव घालणारा स्वतः जहाज बांधणाराच होता, आणि खिळा मिरविण्यासाठी नव्हे, जहाजाच्या कल्याणासाठी होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले ते जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

पेटीने डोळे निवतात. परंतु कलेचा अर्थ मला त्या खिळ्यातच अधिक गवसतो.