‘श्यामची आई’ : शिमटी आणि दह्याची वाटी

देवळाच्या उत्सवात मुलांचा बक्षीससमारंभ असला की ‘श्यामची आई’ची एखादी प्रत कोणाच्या तरी हाती पडतेच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेले हे पुस्तक मुलांनी वाचावे व आईबापांच्या आज्ञेत राहावे, हा देणाऱ्यांचा हेतू असतो. आमचे मत थोडे निराळे आहे. हे पुस्तक मुलांच्या आधी आईबापांनी वाचावयास हवे.

त्यातील श्यामच्या पोहण्याचे प्रकरणच घ्या. पाण्याच्या भीतीने श्याम लपून बसतो; आई शिमटीने मारून त्याला पोहावयास धाडते. तो परत आल्यावर मात्र त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून येतात. त्याच्यासाठी ठेवलेली दह्याची वाटी ती त्याला देते आणि आपण का मारले तेही समजावून सांगते. आमच्या घराघरांतून या प्रकरणातील शिमटी तेवढी उचलली गेली. दही आणि ते बोलणे मागेच राहिले.

गुरुजींच्या लेखनातील उणीवही येथेच सांगितली पाहिजे. मातृभक्तीच्या भरात त्या लपलेल्या मुलाच्या भीतीला त्यांनी पुरेसा न्याय दिलेला नाही. माराचे समर्थन प्रेमाने होते, हा समज त्यामुळे बळावतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. घरात मात्र अजूनही हात उगारला जातो, आणि कमी गुण मिळाले म्हणून चार नातेवाइकांदेखत टोमणेही मारले जातात.

तरीही या पुस्तकाचे मोल कमी होत नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आठवणी सांगतो. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्री तर तो स्वतःचीच चोरी सांगतो. लहानपणी आईजवळ मन उघडे करण्याची सवय लागल्यामुळेच त्याला हे साधले असावे. चौदा-पंधरा वर्षांची आमची मुले आज आपली चूक प्रथम कोणाला सांगतात? त्या यादीत आईबापांचे नाव नसेल, तर दोष मुलांचा नव्हे.

म्हणून उत्सवमंडळांस आमची एक सूचना आहे. पुढील वर्षी बक्षीस मुलाचे असले, तरी पुस्तक घ्यावयास त्याच्या आईवडिलांनाही सभामंडपात बोलवावे.