शरीराची प्रार्थना आणि शरीराची भीती

येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (1931-1987) यांचे 'साधना' हे इंग्रजी पुस्तक 1978 साली गुजरातमधील आणंद येथून प्रसिद्ध झाले. प्रार्थना शिकवणारी पुस्तके आपल्या घरांत पुष्कळ असतात. परंतु अंगाला लागणारे कपडे, खुर्चीला टेकलेली पाठ, नाकपुड्यांतून जाणारा-येणारा श्वास यांकडे प्रथम लक्ष द्या, असे सांगणारी विरळाच. पिंपरीहून लोकलने तासाभराच्या अंतरावर, लोणावळ्याच्या 'साधना' संस्थेत फादर डिमेलो यांनी धर्मगुरूंना व धर्मभगिनींना हाच धडा दिला. देह हा प्रार्थनेतील अडथळा नसून तिचे दार आहे, हे या पुस्तकाचे मुख्य सांगणे होय.

हे पुस्तक आज पुन्हा वाचावेसे वाटले, त्याला कारण आहे. मनावर झालेल्या आघातावर शरीराच्या वाटेने उपचार करण्याचा विचार अलीकडे सर्वत्र बोलला जातो. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या 'द बॉडी कीप्स द स्कोअर' या 2014 सालच्या ग्रंथाने तो घरोघरी पोचवला. आघात केवळ आठवणीत राहत नाही, तो शरीराच्या सवयीत राहतो, असे त्यांचे म्हणणे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात हे पटायला ग्रंथ लागत नाही. पॉवर प्रेसखाली ज्याचे बोट गेले, त्याची जखम काही आठवड्यांत भरते. पण स्वयंपाकघरात ताटली पडली तरी त्याचे खांदे आखडतात, श्वास अडकतो. ती ताटली आहे हे मनाला कळते, शरीराला कळत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीचे नुकसान 30 टक्के, तर्जनी गेल्यास 14 टक्के, मधले बोट गेल्यास 12 टक्के असे मोजले गेले. त्या तक्त्यात भीतीचा रकाना नव्हता. 8 डिसेंबर 2023 रोजी, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, तळवडे येथे केकवरील मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तेथे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. अशा आगीतून जे वाचतात, त्यांच्या देहात धुराचा वासही पुढे कितीतरी काळ संकट म्हणून उभा राहू शकतो.

शास्त्र याचा उलगडा असा करते. संकट दिसताच हृदयाची गती वाढते, स्नायू ताठतात, श्वास उथळ होतो. माणूस झुंजतो, पळतो किंवा थिजतो. संकट टळल्यावर ही यंत्रणा निवळावी, पण आघात झालेल्या काहींच्या बाबतीत ती सतत जागी राहते. तिला नुसत्या उपदेशाने निवळवता येत नाही. मात्र सावकाश सोडलेला उच्छ्वास हृदयाची गती खाली आणतो. व्हॅन डर कोल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीर्घकाळ आघाताने ग्रासलेल्या 64 स्त्रिया होत्या. इतर उपचारांच्या जोडीला दहा आठवडे योगाभ्यास केलेल्यांपैकी 52 टक्के स्त्रियांमध्ये त्या विकाराची लक्षणे निदानाच्या मर्यादेखाली आली. आरोग्यशिक्षणाच्या वर्गात बसलेल्यांमध्ये हे प्रमाण 21 टक्के होते. संख्या लहान आहे, म्हणून ढोल पिटू नये. पण दुर्लक्षही करू नये.

या प्रकाशात 'साधना' वाचताना तिचे मोठेपण आणि तिची उणीव दोन्ही दिसतात. शांत बसवत नाही, म्हणून आपली श्रद्धा कमी, असे मानणाऱ्या भाविकाला हे पुस्तक अपराधभावनेतून सोडवते. उणीव अशी, की ते सुरक्षित देह गृहीत धरते. कल्पनाशक्तीच्या अभ्यासांत फादर डिमेलो वाचकाला आयुष्यातील दुःखद प्रसंगाकडे परत जाऊन तेथे प्रभूला पाहायला सांगतात. सामान्य दुःखासाठी हा अभ्यास सुंदर आहे. परंतु ज्याचे शरीर अजून त्या यंत्रापुढेच उभे आहे, त्याने एकट्याने डोळे मिटून तेथे जाणे म्हणजे जखम पुन्हा उघडणे ठरू शकते. अशा माणसाने डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकलेले अनुभवावेत, जवळ कोणी असावे, आणि आठवणीकडे जाणत्या उपचारकाच्या सोबतीने थोडे थोडे जावे. पवित्र शास्त्रात हा क्रम आहेच. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले, भाकर व पाणी दिले. देवाचा मंद स्वर त्याला त्यानंतर कितीतरी दिवसांनी ऐकू आला.

धर्मसभेने याबाबत दोनदा सावध केले आहे. 1989 च्या ख्रिस्ती ध्यानावरील पत्रात, शारीरिक अभ्यासातून आपोआप येणारी स्वस्थता हे पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असे बजावले. त्याच पत्राने असे अभ्यास बाह्य ताणात अंतरीची शांती राखायला साहाय्यक होऊ शकतात, हेही मान्य केले. 1998 च्या सूचनेत फादर डिमेलो यांच्या काही मतांना आक्षेप घेतला, विशेषतः नंतरच्या लेखनातील. त्यांचे सुरुवातीचे लेखन सर्वसाधारणपणे ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत असल्याचेही नमूद केले. आम्हांस हा भेद मोलाचा वाटतो. शांत झालेली नाडी म्हणजे कृपा नव्हे. तरीही तिला तुच्छ मानण्याचे कारण नाही.

आणखी एक भेद आपण करायला हवा. श्वास सावकाश सोडायला शिकवणे ही दया आहे. प्रेसला संरक्षक जाळी बसवणे हा न्याय आहे. पहिले दिले म्हणून दुसरे चुकवता येत नाही. कामगाराला शांत बसायला शिकवून त्याच यंत्रावर परत पाठवणारे शिबिर उपचार नव्हे, त्याची चेष्टा होय.

म्हणून वाचकहो, 'साधना' जरूर वाचावी, पण घरातील घाबरलेल्या माणसाच्या हाती नुसते पुस्तक देऊन मोकळे होऊ नये. महिनोन्‌महिने झोप उडाली असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. रविवारी तो मिस्साच्या वेळी दारापाशीच उभा राहत असेल, तर त्याला पुढे ओढू नये. त्याच्याशेजारी उभे राहावे. उठलेल्या प्रभूने तोमाला जखमा पुसून नव्हे, दाखवून शांती दिली. आपल्या धर्मग्रामांतही जखमा दाखवता येतील एवढी जागा असली पाहिजे.