बेत आणि बेतणे

पुरुषांच्या कपड्यांचं डिझाइन महाविद्यालयात कसं शिकवतात, यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण ज्ञान डोक्यात असतं की हातात, हा प्रश्न आमचाच आहे, आणि तो वर्गखोलीपेक्षा शिलाईच्या टेबलावर जास्त स्पष्ट दिसतो.

आधी मराठीतला एक शब्द बघा. शिंपी कापड ‘बेततो’. म्हणजे माप पाहून, कापडाचा पन्हा पाहून, कुठे काय कापायचं ते ठरवतो. आणि आपण एखादी योजना आखतो तेव्हा ‘बेत’ करतो. ठरवणं आणि कापणं यांच्यासाठी भाषेने एकाच घरातले दोन शब्द ठेवले. आजच्या फॅशन शिक्षणाने मात्र त्यांची वाटणी करून टाकली आहे. माझी टीका या वाटणीवर आहे.

वाटणी कशी? एका बाजूला डिझाइन: संशोधन, रेखाटन, रंगसंगती, शेवटी रॅम्पवरचं कलेक्शन. दुसऱ्या बाजूला प्रॉडक्ट डेव्हलपमेंट: टेक पॅक तयार करणं, नमुन्यामागून नमुने शिवून घेणं, मापांचं ग्रेडिंग, खर्चाचा हिशेब. आपल्याकडे १९८६ साली दिल्लीत वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या छत्राखाली निफ्ट सुरू झालं. तिथेही डिझाइनची पदवी वेगळी आणि कपड्यांच्या उत्पादनाची पदवी वेगळी. डिझाइनवाल्यांनाही पॅटर्न शिकवतात, हे मान्य. प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. टाळ्या रॅम्पला मिळतात. टेक पॅकला कोण टाळ्या वाजवतं? (हशा)

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली एक भ्रम दाखवून दिला. कुशल माणूस आधी मनात सिद्धान्त मांडतो आणि मग हाताने तो अमलात आणतो, असं आपण समजतो. राइलचं म्हणणं, कौशल्यपूर्ण कृती हीच बुद्धीची कृती असते. तिच्यामागे दुसरी अदृश्य कृती शोधायची गरज नाही.

पुरुषांचा कोट हा याचा उत्तम पुरावा आहे. साध्या सुटाचं बाह्यरूप शंभराहून अधिक वर्षांत फारसं बदललेलं नाही. तीच कॉलर, त्याच दोन बाह्या, तीच बटणं. मग फरक कुठे पडतो? मुंढ्यात! मुंढा मोठा आणि खाली उतरलेला असेल तर ढिला म्हणून आरामशीर वाटतो. पण हात वर करा, अख्खा कोट वर चढतो. मुंढा लहान आणि काखेजवळ घेतलेला असेल तर हात हलतो, कोट जागेवर राहतो. ही गोष्ट रेखाटनात दिसतच नाही. १९७५ साली स्वतःची कंपनी काढणाऱ्या जॉर्जिओ अरमानीचं नाव झालं ते कोटाच्या आतलं भरण आणि ताठरपणा कमी केल्यामुळे. ती कल्पना डिझाइनची म्हणायची की शिलाईची? मला तरी वेगळं करता येत नाही.

आता माप. विद्यार्थी नमुना एकाच मापात शिवतो, बाकीची मापं ग्रेडिंगने काढली जातात. पण ते एक माप कुणाचं? बेल्जियन गणिती केतले याने १८३५ साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. पुढे स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून त्याने जवळपास चाळीस इंचांची सरासरी काढली. सरासरी खोटी नसते, पण सरासरी कपडे घालत नाही! कपडे घालतो तो पोट सुटलेला, पाठीला बाक आलेला, एक खांदा उतरलेला माणूस. भारतीयांच्या स्वतंत्र मापांसाठी निफ्टने ‘इंडियासाइझ’ हे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतलं, ते स्वागतार्ह आहे. तक्ता मिळाला तरी त्या तक्त्यात न बसणाऱ्या देहाकडे बघायला विद्यार्थ्याला शिकवावंच लागेल.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: एवढ्या मोठ्या उद्योगात एकच माणूस सगळं कसं करणार? श्रमविभागणी हवीच. हो, हवी. पण श्रमाची विभागणी म्हणजे समजुतीची विभागणी नव्हे. टेक पॅक हा कागद इथला निर्णय तिरुपूरच्या किंवा ढाक्याच्या कारागिराच्या हातापर्यंत नेतो. ज्याने स्वतः खिसा लावलेला नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात खिसा दोन इंच सरकवणं म्हणजे रेघ खोडण्याइतकं सोपं वाटतं. तिकडे त्याचा अर्थ पुन्हा कटिंग, पुन्हा शिलाई, रात्रपाळी. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली. इमारत सदोष बांधकामामुळे पडली. पण आदल्या दिवशी भेगा दिसूनही कामगारांना आत पाठवलं गेलं, कारण माल वेळेत द्यायचा होता. त्या घाईचं एक टोक डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचतं, हे अभ्यासक्रमात यायला नको का?

आणि शेवटचा मुद्दा, आपल्या घरचा. नामदेव शिंपी होते आणि संत होते. त्यांच्या अभंगांत कात्री-सुई आली ती लाज म्हणून नाही. पण समाजाने हाताच्या कामाला जात चिकटवली आणि ज्ञान दुसरीकडे नेऊन ठेवलं. आता तेच आपण इंग्रजी पोर्टफोलिओच्या नावाने करणार का? अलेक्झांडर मॅक्वीनने सोळाव्या वर्षी शाळा सोडली, लंडनच्या सॅव्हिल रोवर कोट शिवायला तो शिकला, आणि नंतर पदवी नसतानाही सेंट मार्टिन्सने त्याला पदव्युत्तर वर्गात घेतलं. कुणीतरी त्याचा हात पाहिला. आपल्याकडे मास्टरजींच्या मुलाचा हात कोण पाहतो?

माझी मागणी साधी आहे. पहिली दोन वर्षं दोन्ही शाखा एकत्र शिकवा. अंतिम परीक्षेत कोट उलटा करून, आतली बाजू दाखवून मांडायला लावा. तो पुतळ्यावर नको, साठीच्या माणसाच्या अंगावर चढवा. आणि परीक्षकांत एक कटिंग मास्टर बसवा, मतदानाच्या पूर्ण हक्कासह. बेत आणि बेतणे यांना एका टेबलावर आणायला एवढ्याने सुरुवात होईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.