दुर्बोधता कोणाची? : अवघड साहित्याची निवड आणि वाचनाची रीत

१

मराठी समीक्षेत 'दुर्बोध' हे विशेषण बहुधा कृतीला लावले जाते. कविता दुर्बोध असते, कादंबरी दुर्बोध असते, क्वचित कवीही दुर्बोध असतो. वाचक मात्र या निर्णयाबाहेर, न्यायाधीशाच्या आसनावर राहतो. वस्तुतः 'कळत नाही' हे विधान केवळ कृतीविषयी नसते. ते कृती आणि वाचक यांच्यातील अंतराविषयी असते, आणि अंतराला दोन टोके असतात. ज्या शब्दापाशी एक वाचक अडखळतो तोच शब्द दुसऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला असू शकतो. हे मान्य केले की कोणते अवघड साहित्य वाचावे आणि ते कसे वाचावे, हा प्रश्न केवळ वैयक्तिक रुचीचा उरत नाही. वाचकाने आपल्या आकलनाची कोणती सीमा ओलांडायचे ठरवले आणि कोणती ओलांडायचे टाळले, याचा तो प्रश्न होतो.

विद्यापीठीय व्यवहारात हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. निवड अभ्यासमंडळाने केलेली असते आणि उलगडा मार्गदर्शक पुस्तिकेने. विद्यार्थी कृतीच्या आधी तिचे स्पष्टीकरण वाचतो. पुढे कृती वाचताना त्याला त्या स्पष्टीकरणाचा पडताळा तेवढा मिळतो. अडखळण्याचा अनुभव त्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे आपण नेमके कशामुळे अडखळलो असतो, हेही त्याला कधी कळत नाही. अवघड साहित्याविषयीच्या दोन प्रचलित वृत्ती, भाविक आदर आणि त्रासिक नकार, या एकाच अभावातून निर्माण होतात. दोहोंतही अडचणीचे निदान केलेले नसते.

२

असे निदान करण्याची सामग्री भारतीय काव्यशास्त्रात पूर्वीपासून आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त दोषांची जी सविस्तर मांडणी केली तीत आकलनाला अडथळा आणणारे अनेक दोष येतात. अर्थाची प्रतीती जेथे लांबणीवर पडते ते क्लिष्ट. जेथे दोन अर्थांपैकी निर्णय होत नाही ते संदिग्ध. जो शब्द एखाद्या शास्त्रातच प्रसिद्ध आहे तो अप्रतीत. आणि जो केवळ सामान्य लोकांच्या व्यवहारात आहे तो ग्राम्य. यांपैकी शेवटचे दोन एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक शब्द पंडिताच्या गोटातला, दुसरा अडाण्याच्या. दोन्ही दोषच, कारण दोहोंचे मोजमाप मधल्या एका स्थानावरून, संस्कारित सहृदयाच्या स्थानावरून, केलेले आहे. म्हणजे दोषांची ही यादी जितकी काव्याची आहे तितकीच ती त्या काव्याच्या गृहीत वाचकाचीही आहे.

याच परंपरेत काठिण्याचा सन्मानही आढळतो. मल्लिनाथाने भारवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली. वरचे कवच कठीण, आत रस. कवच फोडून देणे हे टीकाकाराचे काम. 'किरातार्जुनीया'वरील आपल्या टीकेला त्याने 'घण्टापथ', म्हणजे राजमार्ग, असे नाव दिले. येथे काठिण्य हा दोष राहत नाही, ती श्रमाची हमी होते. कवच फोडण्याचे कष्ट रसिकाने घ्यावेत, टीकाकाराने त्याला हात द्यावा, असा हा करार आहे.

तथापि हा करार सर्व प्रकारच्या काठिण्याला लागू झाला नाही. ग्राम्य शब्दाच्या कवचाखाली रस असेल या अपेक्षेने कोणी घण्टापथ बांधला नाही. मम्मटाने सवलत ठेवली ती एवढीच की हीन पात्राच्या तोंडी ग्राम्यत्व गुणरूप होते. या सवलतीत पात्र ग्राम्य असू शकते, कवी नव्हे. ज्या दिवशी ते पात्र स्वतःच लेखणी हाती घेईल त्या दिवसासाठी या व्यवस्थेत तरतूद नव्हती. मराठी साहित्यात तो दिवस उजाडला, त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

३

आधुनिक काळात जॉर्ज स्टायनर यांनी 'ऑन डिफिकल्टी' या निबंधात (१९७८) काठिण्याचे चार प्रकार सांगितले. पहिले आगंतुक : शब्द, संदर्भ, स्थळ माहीत नसते; शोधले की अडचण संपते. दुसरे वृत्तिगत : सारे शब्द कळतात, तरी ज्या भाववृत्तीतून कृती निर्माण झाली ती वाचकाला आपलीशी करता येत नाही. तिसरे योजनागत : कवीने हेतुपूर्वक वाचकाचा वेग अडवलेला असतो. चौथे अस्तित्वगत : भाषेने कोणाला काही सांगायचे असते हा मूळ करारच कवी प्रश्नांकित करतो. हे वर्गीकरण युरोपीय कवितेला समोर ठेवून केले असले तरी मराठीपुरता त्याचा उपयोग मोठा आहे; कारण प्रत्येक प्रकार वाचनाची वेगळी रीत मागतो.

'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांतील पहिली अडचण आगंतुक आहे. भाषा सातशे वर्षांपूर्वीची, प्रत्यय आणि शब्द लुप्त झालेले. महानुभावांचे ग्रंथ तर सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अभ्यासकांनी त्या उलगडल्यावरच ते सर्वसामान्य वाचकापर्यंत येऊ शकले. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये पूर्ण झाली आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिचे पाठ शुद्ध करावे लागले. तीन शतकांत ग्रंथ अवघड झाला होता, परंतु टाकला गेला नव्हता. पारायण, प्रवचन आणि कीर्तन यांच्या आधारे तो समूहाने वाचत ठेवला. अवघड ग्रंथ एकट्याने, मुकाट्याने आणि एका बैठकीत समजावा, ही अपेक्षा मुद्रणयुगातली आहे. आगंतुक काठिण्यावरचा उपाय म्हणून कोश जितका आवश्यक आहे तितकाच सहवाचकही आवश्यक आहे.

मोरोपंतांच्या बाबतीत कोश पुरत नाही. 'आर्याभारता'तील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावून झाल्यावरही आजचा वाचक थंड राहतो. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून 'निरोष्ठ रामायण' रचण्यात त्या काळच्या श्रोत्याला वाटलेला आनंद त्याला वाटत नाही. त्याला तो खटाटोप वाटतो. ही अडचण वृत्तिगत आहे. तेथे अधिक टिपा देऊन काही साधत नाही. ती आर्या मोठ्याने म्हणावी लागते, आणि पुराणिकासमोर बसलेल्या श्रोत्याची भूमिका काही काळ पत्करावी लागते. ते जमले नाही तर ग्रंथ बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. मात्र त्याचा दोष मोरोपंतांच्या खाती घालण्याची घाई करू नये.

योजनागत काठिण्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे मर्ढेकर. 'काही कविता' (१९४७) प्रसिद्ध होताच तिच्यावर दुर्बोधतेचा आक्षेप आला आणि अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. जी कविता कळत नाही ती अश्लील आहे हे मात्र कसे कळले, हा प्रश्न त्या काळच्या आक्षेपकांना पडलेला दिसत नाही. मर्ढेकरांची अडचण माहितीच्या अभावाची नाही. इंग्रजी नामाला मराठी क्रियापदाचा प्रत्यय लावणे, यंत्रयुगाची प्रतिमा अभंगाच्या किंवा ओवीच्या घाटात बसवणे, हे वाचकाला थांबवण्यासाठीच योजलेले आहे. घाट श्रद्धेचा आणि आशय श्रद्धाभंगाचा, हा ताण ज्याच्या कानात संतांचा अभंग नाही त्याला ऐकू येणार नाही. म्हणून मर्ढेकरांपूर्वी एलियट वाचावा, या शिफारशीहून तुकाराम आणि रामदास मोठ्याने वाचावेत ही शिफारस अधिक उपयुक्त ठरते.

ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) वाचताना कोशाचे काम फार लवकर संपते. शब्द ओळखीचे, वाक्यरचना बहुतेक सरळ, लय मोहवणारी. तरीही गद्य सारांश काढू गेले असता हाती काही राहत नाही. येथे 'याचा अर्थ काय' हा प्रश्नच कवितेने बाजूला सारलेला असतो. अशा कवितेला प्रतिमांची गुपिते असलेली पेटी मानून किल्ली शोधणे ही रीतीची चूक आहे. एका प्रतिमेने दुसरीला कसे हाकारले, लयीने अर्थाची जागा कोठे घेतली आणि ती घेणे समर्थनीय आहे का, हे तपासणे ही खरी रीत. या तपासणीत काही कविता टिकतील, काही केवळ नादाच्या आधारावर उभ्या असल्याचे दिसेल. असा विवेक करण्याचा अधिकार वाचकाला आहे; फक्त तो सारांश न निघण्याच्या तक्रारीवरून बजावता येत नाही.

४

या चौकटीत नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) ठेवला की दुर्बोधतेच्या चर्चेतील विषमता उघड होते. या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्या जगाशी व तेथील शब्दांशी असलेला आपला अपरिचय तेंडुलकरांनी तीत लपवलेला नाही. त्यांनी शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतले, तो परिसर कवीसोबत पाहिला. एका अर्थाने मल्लिनाथाचा करार येथे प्रथमच ग्राम्य ठरवल्या गेलेल्या शब्दासाठी पाळला गेला.

स्टायनर यांच्या भाषेत 'गोलपिठा'ची पहिली अडचण आगंतुक आहे; शब्द माहीत नाहीत, इतकेच. परंतु ती 'ज्ञानेश्वरी'च्या अडचणीसारखी नाही. तेथे वाचक आणि शब्द यांच्यामध्ये सात शतके आहेत. येथे त्याच शहरातले काही रस्ते आहेत. कामाठीपुऱ्यातल्या माणसाला जो शब्द उच्चारताना क्षणभरही थांबावे लागत नाही, तो मराठीच्या पदवीधराला परका वाटतो, ही घटना कवितेविषयी फार थोडे आणि पदवीविषयी पुष्कळ सांगते. एलियटने 'द वेस्ट लँड'ला (१९२२) जोडलेल्या टिपा मराठीचा अभ्यासक निष्ठेने वाचतो. तेथील अज्ञान त्याला शैक्षणिक कर्तव्य वाटते. ढसाळांच्या शब्दांविषयीचे अज्ञान मात्र त्याला कवितेचा दोष वाटते. एका अडचणीने प्रतिष्ठा मिळते, दुसरीने प्रतिष्ठेला धक्का बसतो, यापलीकडे या फरकाला वाङ्मयीन आधार नाही.

शिवाय शब्दांचे अर्थ कळल्यावर 'गोलपिठा'ची दुसरी, वृत्तिगत अडचण सुरू होते. त्या कवितेतील संताप वाचकाला उद्देशून आहे. ज्या व्यवस्थेवर तो कोसळतो तिच्यातच तो वाचक उभा आहे. या संतापाशी समरस होणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. अशा वेळी 'शब्द कळत नाहीत' ही तक्रार सोयीची असते. आगंतुक काठिण्याची ढाल पुढे करून वृत्तिगत काठिण्य टाळता येते.

अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'ने (२००३) हीच कसोटी वेगळ्या रीतीने लावली. तेथील भाषा बहुतांशी साधी, बोलती. परंतु अपाला, हायपेशिया, कास्सांद्रा, कण्णगी अशा अनेक संस्कृतींतल्या स्त्रिया तेथे येतात. आज यांपैकी कोणाचीही माहिती महाजालावर क्षणात मिळते, आणि त्यामुळेच नवा धोका निर्माण झाला आहे. आगंतुक अडचण इतक्या सहज दूर होते की ती दूर झाली म्हणजे वाचन झाले असे वाटू लागते. 'भिजकी वही'त या स्त्रियांचे चरित्र कळणे ही केवळ सुरुवात आहे. त्यांचे रडणे एकत्र ठेवल्याने जे उभे राहते ते कोणत्याही चरित्रकोशात नाही. म्हणून येथे क्रम महत्त्वाचा : आधी काहीही न शोधता सलग वाचन, मग शोध, मग पुन्हा सलग वाचन. पहिल्या वाचनात न कळलेल्या जागांची नोंद ठेवावी. तिसऱ्या वाचनानंतर ती नोंद पाहिली असता कोणती अडचण माहितीची होती आणि कोणती नव्हती, हे आपोआप वेगळे होते.

५

निवडीच्या प्रश्नाचे उत्तर या विवेचनातून निघते. अवघड म्हणून एखादी कृती वाचावी, हा निकष नव्हे. काठिण्य हे मूल्य नाही. नावाजलेली म्हणून वाचावी, हाही अपुरा निकष. त्यातून आदर निर्माण होतो, वाचन होतेच असे नाही. निकष दुहेरी असावा. न कळताही कृतीतील काहीतरी, एखादी लय, एखादे दृश्य, एखादा आवाज, वाचकाला धरून ठेवते का, हा पहिला भाग. मल्लिनाथाच्या उपमेत सांगायचे तर नारळ फोडण्यापूर्वी तो हलवून आत पाणी वाजते का हे पाहावे लागते. या कृतीपुढे आपण ज्या कारणाने अडतो ते कारण आपल्याविषयी काही नवे सांगते का, हा दुसरा. जो वाचक फक्त ग्रंथालयात सुटणाऱ्या अडचणीच निवडतो तो विद्वान होईल. पण त्याच्या आकलनाची सामाजिक सीमा होती तेथेच राहील. उलट जो केवळ सामाजिक कर्तव्य म्हणून 'गोलपिठा' वाचतो आणि 'ज्ञानेश्वरी'च्या शब्दापाशी श्रम घ्यायचे नाकारतो, तोही तेवढाच अपुरा.

अध्यापनापुरते यातून निष्पन्न होते ते साधे, पण आचरायला कठीण आहे. वर्गात अवघड कृतीचे पहिले वाचन स्पष्टीकरणाविना व्हावे आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या अडखळण्याच्या जागा मांडाव्यात. एकाच वर्गात निरनिराळ्या वस्त्यांतून, गावांतून आणि बोलींतून आलेले विद्यार्थी असतात. त्यांच्या अडखळण्याच्या जागा एक नसतात. जेथे प्राध्यापक अडतो तेथे एखादा विद्यार्थी सहज पुढे जाईल. त्या क्षणी घण्टापथ बांधण्याचे काम कोणाकडे आहे हे बदलते, आणि 'दुर्बोध' हा शब्द वापरण्यापूर्वी 'कोणाला' हा प्रश्न विचारण्याची सवय लागते. मराठी समीक्षेने गेल्या पाऊण शतकात दुर्बोधतेवर विपुल लिहिले. हा एक प्रश्न मात्र तिने पुरेशा आग्रहाने विचारलेला नाही.