बातमी आणि संवेग

बातमीत भावना असावी की नसावी, हा पत्रकारितेतील जुना वाद आहे. उभय पक्ष ‘भावना’ हा शब्द एकाच अर्थाने वापरतात, हे आम्हांस खटकते. पालि वाङ्मयात ‘राग’ आणि ‘संवेग’ यांत भेद केलेला आहे. राग विषयाला चिकटतो व दृष्टी मलिन करतो. संवेग म्हणजे दुःखाच्या जाणिवेने मनास बसणारा असा हादरा, की जो माणसास प्रयत्नास लावतो. अंगुत्तरनिकायातील पतोदसुत्तात पराणीची सावली दिसताच सावध होणाऱ्या उत्तम अश्वाचा दृष्टान्त येतो. तसा पुरुष कोण? तर अमुक गावी अमुक स्त्री वा पुरुष दुःखात पडला किंवा मरण पावला, एवढे ऐकूनच ज्यास संवेग होतो तो. म्हणजे येथे संवेगाचे निमित्त बातमी हेच आहे! (राजकथा, चोरकथा, भयकथा, युद्धकथा यांना मात्र याच वाङ्मयात ‘तिरच्छानकथा’ म्हटले आहे, आजच्या पहिल्या पानाची ती जणू अनुक्रमणिकाच.)

या कसोटीवर ‘बहिष्कृत भारत’ वाचावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्राशन झाले. अस्पृश्य वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. पंधरवड्याने, ३ एप्रिल रोजी, हे पाक्षिक निघाले. त्या वर्षीच्या अग्रलेखांत बाबासाहेबांनी या घटनेस ‘धर्मसंगर’ म्हटले. दंगा म्हटले असते तर दोन जमावांची मारामारी एवढाच अर्थ उरला असता. ‘संगर’ म्हणताच त्यात हेतू आला, पक्ष आले, न्याय-अन्यायाचा प्रश्न आला. एका शब्दाने घटनेस कथेचा आकार दिला, आणि तरीही सत्याचा एक कणही ढळला नाही. या लेखमालेत जबाबदारीची वाटणी वरिष्ठ हिंदूंवर होते, इंग्रज सरकारवर होते आणि शेवटी खुद्द अस्पृश्य वर्गावरही होते. रागाने लिहिणारा आपल्या माणसांकडे असा वळत नाही. बाबासाहेबांची तळमळ वाचकास केवळ क्षुब्ध करीत नाही, त्यास कामास लावते. म्हणून ती संवेगाची होय, असे आमचे मत आहे.

याच शहरात राहून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो हाती असताना आजचे वृत्तलेखन पाहिले की अंतर जाणवते. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रारंभीच्या वृत्तांत अनैतिक संबंधांची कुजबुज होती. जात व जमीन नव्हती. मोठ्या वृत्तपत्रांत घटना सविस्तर येण्यास कित्येक आठवडे लागले. तटस्थतेच्या नावाखाली येथे कथेतील कर्ताच गाळला गेला. ‘दोन गटांत वाद’ हे शीर्षक आजही सर्रास दिसते. गट कोणते, वाद कशाचा, मार कोणी खाल्ला?

परंतु आपल्या चळवळीच्या नियतकालिकांसही एक प्रश्न विचारणे भाग आहे. अत्याचाराच्या वृत्तात विशेषणे पाच आणि उद्गारचिन्हे सात असतात. गुन्हा कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांनी नोंदला गेला, हे मात्र नसते. महाडचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने सुटला, तो अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे प्रतिपक्षास सिद्ध करता आले नाही म्हणून. असा तपशील ज्या वृत्तात नाही, ते पुढे कोणत्या दफ्तरात उपयोगी पडणार?